बेळगावहून रत्नागिरीचं मत्स्यालय पाहायला जाताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी गणपतीपुळे करून परत आली की मी हमखास विचारते, रत्नागिरीचं मत्स्यालय पाहिलंत का? उत्तर ठरलेलं असतं. "होय की, बघितलं. पंधरा मिनिटांत झालं."

पंधरा मिनिटांत होतं याचं कारण क्रम चुकतो. आधी पुळ्याचं दर्शन, मग पोटभर जेवण, मग समुद्रात डुंबणं आणि परतीच्या वाटेवर, संध्याकाळी, ओल्या कपड्यांतली दमलेली पोरं घेऊन मत्स्यालय. आत गर्दी, पोरांना झोप, मोठ्यांना घाटाची काळजी. टाक्यांसमोरून माणसं नुसती सरकत राहतात. मी स्वतः पहिल्या खेपेला असंच केलं. संध्याकाळी उशिरा पोचलो, तिकीट खिडकी बंद झाली होती आणि धाकट्या भाच्याचं रडं परतीच्या रस्त्यावरच्या पाली गावापर्यंत थांबलं नाही. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर घरच्यांना आणि शाळेच्या मुलांना घेऊन बऱ्याचदा जाणं झालं. त्यातून जो क्रम बसला तो इथं देते.

## आधी ठिकाण नीट ओळखा

ज्याला सगळे मत्स्यालय म्हणतात ते रत्नागिरीत झाडगावला आहे. त्याचं खरं नाव सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं ते केंद्र आहे. म्हणजे हे मुळात संशोधनाचं ठिकाण. मासे पाळणं, वाढवणं, त्यांचा अभ्यास करणं हे तिथलं रोजचं काम आणि त्याचाच एक भाग लोकांना पाहायला खुला आहे. मोठ्या शहरांतल्या काचेच्या बोगद्यांची चित्रं डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. शांतपणे जवळून मासा पाहायचा असेल तर मात्र इतकं चांगलं ठिकाण आपल्या टापूत दुसरं नाही, असं माझं मत आहे.

इशारा: त्याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय शिरगावला आहे. मोबाइलच्या नकाशात 'मत्स्य' शब्द टाकून पहिलं नाव दाबलं की गाडी तिकडं जाते. 'झाडगाव' हा शब्द टाकूनच शोधा. रिक्षानं जात असाल तर "फिश अ‍ॅक्वेरियम, झाडगाव" असं सांगा.

## पायरी १: दिवस ठरवणं

इथं घाई करू नका. दिवस चुकला की पुढचं सगळं चुकतं.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, म्हणून मधला वार घ्या. अंगारकीला आणि माघी गणेशोत्सवात पुळ्याची गर्दी सगळ्या रस्त्यांवर पसरते, तेव्हा ते दिवस टाळाच. गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे चाकरमान्यांचा. त्या दिवसांत कोकणात पाहुणे म्हणून जाण्यात काही अर्थ नाही.

पावसाळ्यात जाऊ नका असं मी स्पष्ट सांगते. आंबा घाटात धुकं आणि दरडी असतात हे एक. दुसरं असं की जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, त्यामुळे बंदर ओस पडलेलं असतं आणि सहलीचा अर्धा भाग तिथंच गळतो. शिवाय आपल्याच बाजूला रस्ता अडतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं आणि कोल्हापूर-रत्नागिरी रस्ताही पाण्यानं बंद झाला होता. कोल्हापूरची पंचगंगा फुगली की त्या वाटेला पर्याय उरत नाही.

सीमाभागातल्या माणसाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या दिवशी, बेळगावात वातावरण वेगळं असतं आणि बसचं काही खरं नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेचा-भाषेचा वाद पेटल्यावर दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेवरच थांबल्या होत्या. बसनं जाणार असाल तर निघायच्या आदल्या संध्याकाळी स्टँडवर विचारून घ्या.

आता तिथी. मत्स्यालय पाहायला तिथी कशाला, असं वाटेल. पण त्याच संध्याकाळी ओहोटीला खडकांवर जाता आलं तर सकाळी काचेआड पाहिलेलं जग उघड्यावर पाहायला मिळतं, आणि मुलांना खरा उलगडा तिथं होतो. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी म्हणजे आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा गुणिले पाऊण, सव्वा अकरा. तेव्हा भरती सव्वा अकराच्या आसपास, आणि त्यानंतर सहा तासांनी, सव्वापाचला, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरतीचं पाणी जास्त चढतं तसं ओहोटीला जास्त लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फारसं हलत नाही.

म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा त्रयोदशी ते अमावास्या यातला सुट्टीला जोडून येणारा दिवस निवडा. त्रयोदशीला ओहोटी पावणेचारला, चतुर्दशीला साडेचारला येते. दोन्ही वेळा उजेडातल्या आहेत. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासानं मागंपुढं होऊ शकतो. रत्नागिरीत उतरल्यावर किनाऱ्यावरच्या कुणा कोळीदादांना विचारलंत की नेमकी वेळ कळते.

तपासा: तिथी, वार, सुट्टी आणि सण हे चारही एका कागदावर लिहिलेत का? एखादी गोष्ट जुळत नसेल तर तिथी सोडा, पण मधला वार सोडू नका.

## पायरी २: फोन

दोन दिवस आधी केंद्रात फोन करा. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेल्या वेळेवर विसंबून सहा तासांचा प्रवास करायचा नाही. पाच गोष्टी विचारा: त्या वारी उघडं आहे का, सकाळी किती वाजता उघडतं, दुपारची सुट्टी असते का, शेवटचं तिकीट किती वाजता देतात आणि फोटो काढू देतात का. टाक्यांची साफसफाई किंवा दुरुस्ती चालू आहे का हेही विचारलंत तर उत्तम.

सुटे पैसे बरोबर ठेवा. मोबाइलवरून पैसे जातीलच असं धरून चालू नका.

## पायरी ३: नावांचा कागद

ही पायरी सगळे गाळतात आणि खरी गोडी हिच्यातच आहे.

आपल्याकडची मुलं मासा ओळखतात तो ताटातला. बेळगावच्या मासळी बाजारात कारवार-गोव्याकडची मासळी येते, त्यामुळे एकाच माशाची तीन नावं एकाच घरात चालतात. आजी एक म्हणते, मासळीवाली दुसरं, शेजारच्या कानडी काकू तिसरं. जायच्या आदल्या रविवारी मुलांना जवळ घेऊन एका वहीच्या पानावर ही नावं लिहून काढा. आमच्या घरचं पान असं होतं: बांगडा, कानडीत बंगुडे. सुरमई, कोंकणीत इसवण, कानडीत अंजल. कोळंबी, कोंकणीत सुंगटां, कानडीत सिगडी. मुडदुशी, कानडीत काणे. तारली, कारवारकडच्या कानडीत तारले. पुढं एक रकाना रिकामा ठेवा, 'कुठं दिसला' असा. बंदरावर, टाकीत, संग्रहालयातल्या बाटलीत की खडकात.

हे करताना मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर आत गेल्यावर "बांगडा कुठाय?" हा धोशा सुरू होतो. ताटातले बरेचसे मासे टाकीत दिसत नाहीत. बांगड्याचं उदाहरण घ्या. तो थव्यानं राहतो आणि सतत पोहत असतो. तोंड उघडं ठेवून पुढं जाताना जे पाणी कल्ल्यांवरून वाहतं त्यावरच त्याचा श्वास चालतो. छोट्या टाकीत तो चार हात गेला की काच आली. त्याउलट खडकाच्या कपारीत राहणारे, एका जागी थबकून बसणारे, रंगीत, काटेरी असे मासे टाकीत रमतात. म्हणून मत्स्यालयात ओळखीचे कमी आणि अनोळखी जास्त भेटतात. ओळखीच्यांना भेटायचं तर बंदरावर जायचं, ते पुढं येतंच.

## पायरी ४: आदल्या दिवशी पोचणं

बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर आणि कोल्हापूर ते रत्नागिरी सुमारे १३०. आकडा छोटा दिसतो, पण मध्ये आंबा घाट आहे. स्वतःच्या गाडीनं, चहापाण्यासह, सहा तास धराच. एका दिवसात जाऊन-येऊन मत्स्यालय पाहायचा बेत करू नका. रत्नागिरीत एक मुक्काम हवाच.

गाडीचा रस्ता: निपाणी, कोगनोळी टोलनाका, कोल्हापूर, शिवाजी पूल, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा तिठा, रत्नागिरी. कोल्हापुरात शिरायच्या आधी डिझेल-पेट्रोल भरून घ्या आणि घाट उजेडात उतरेल अशा बेतानं निघा.

खानापूरकडच्या किंवा बेळगावच्या पश्चिम भागातल्या लोकांना दुसरी वाट सोयीची पडते. वेंगुर्ला रस्त्यानं बाची, शिनोळी, मग आंबोली घाट, सावंतवाडी आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गानं कणकवली, राजापूर, लांजा. अंतर थोडं जास्त, पण वाट देखणी. घाट मात्र इथंही चुकत नाही.

बसनं जाणाऱ्या बायकांनी एक हिशोब समजून घ्यावा, कारण यात पैसे वाचतात आणि गैरसमजही फार आहेत. कर्नाटकाच्या शक्ती योजनेतला मोफत प्रवास जून २०२३ पासून चालू आहे, पण तो राज्याच्या आत, साध्या गाडीनं आणि कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवल्यावर. थेट कोल्हापूरच्या गाडीत बसून "आम्हाला फ्री आहे" म्हणून कंडक्टरशी वाद घालू नका. उलट महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. म्हणजे निपाणीपर्यंत कर्नाटकाची साधी गाडी आणि पुढं एसटी असं केलंत तर बराच फरक पडतो. वेळ मात्र जास्त लागतो, आणि लहान मुलं असतील तर मी थेट गाडीच पकडते. कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून रत्नागिरीच्या गाड्या मिळतात.

घाटात ओकारी होणाऱ्या मुलांना मलकापुरात मिसळ-वडा खाऊ घालू नका. भडंग, कोरडी बिस्किटं, घोटघोट पाणी. पोटभर जेवण रत्नागिरीत.

इशारा: घाट चढा-उतरायच्या वेळी मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका. डोळे स्थिर आणि अंग हलतंय, यानंच जास्त मळमळतं.

## पायरी ५: सकाळी आधी मिरकरवाडा

ज्यांच्या घरी मासे खात नाहीत त्यांनी ही पायरी सोडून थेट पुढं जावं, काही बिघडत नाही. बाकीच्यांनी सकाळी लवकर मिरकरवाडा बंदरावर एक चक्कर मारावी. झाडगावपासून ते जवळच आहे. होड्या लागलेल्या असतात, पाट्यांतून मासळी उतरत असते, बर्फ फुटत असतो. नावांचा कागद इथं बाहेर काढा. बांगड्याच्या पाठीवरचे हिरवट-निळे पट्टे ताज्या माशात कसे चमकतात ते मुलांना दाखवा. घरी येईपर्यंत ते फिके पडलेले असतात, म्हणून आपल्याला बांगडा करडाच वाटतो. कल्ल्याचं झाकण कुणी उचलून दाखवलं तर आतला लालभडक झालरीसारखा भाग पाहून घ्या. तासाभरानं टाकीतल्या माशाचं तेच झाकण उघडताना-मिटताना दिसेल, तेव्हा त्याच्या आत काय आहे ते मुलाला माहीत असेल.

बंदर ही लोकांची पोटापाण्याची जागा आहे. पाट्या वाहणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका, न विचारता कुणाचे फोटो काढू नका आणि पोराचा हात सोडू नका, कारण जमीन निसरडी असते. अर्धा तास पुरे. मग हातपाय धुऊन नाश्ता करा.

तपासा: नाश्ता झाला? सगळे शौचालयात जाऊन आले? हे बाहेरच उरकलं नाही तर आत प्रत्येक टाकीपुढं कुणीतरी हात धरून ओढत राहतं.

## पायरी ६: आत शिरल्यावर

मत्स्यालय उघडतं त्या वेळेला दारात हजर राहा. पहिला तास सगळ्यात शांत असतो.

अंगात शक्यतो गडद रंगाचा साधा सदरा किंवा कुर्ता घाला. पांढऱ्या किंवा चमकदार कपड्यांचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि मासा कमी, आपणच जास्त दिसतो.

आत गेल्या गेल्या पहिल्या टाकीकडं धावू नका. बाहेरच्या लखलखीत उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतल्या मंद उजेडाची सवय व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ दाराशी बाजूला उभं राहून नियम सांगून घ्या. नियम तीनच: काच वाजवायची नाही, फ्लॅश मारायचा नाही, ओरडायचं नाही. पण कारण सांगितल्याशिवाय मुलं नियम पाळत नाहीत, मोठीही पाळत नाहीत, म्हणून कारणं देते.

माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल, कंप तो या रेघेनं ओळखतो. शिवाय हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तोच पाण्यात सुमारे १५०० मीटर. आपण बोटानं नुसतं टकटक केलं तरी आतल्याला चारी बाजूंनी धक्का बसतो आणि पळायला जागा नसते. फ्लॅशचंही तसंच. माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय त्यांना नाही. बेळगावातल्या शहापूरच्या एका चौथीतल्या मुलीला हे सांगितलं तर ती पुढच्या प्रत्येक टाकीसमोर आपले हात पाठीमागं बांधून उभी राहिली. तिच्या आईला मात्र दोनदा आठवण करून द्यावी लागली.

आता खरा क्रम. दोन फेऱ्या करायच्या.

पहिली फेरी न थांबता. सगळ्या टाक्यांवरून नुसती नजर फिरवायची. दहा मिनिटांत ही फेरी संपते आणि बहुतेक लोक इथूनच बाहेर पडतात. तुम्ही परत फिरा. या फेरीत प्रत्येकानं आपल्या आवडीची एक टाकी मनात धरायची.

दुसऱ्या फेरीत त्या निवडलेल्या चार-पाच टाक्यांपुढंच थांबायचं, प्रत्येकीपुढं किमान पाच मिनिटं. घड्याळ लावून पाहा, पाच मिनिटं फार लांब वाटतात. पहिल्या मिनिटात रिकामी वाटणारी टाकी तिसऱ्या मिनिटाला भरू लागते. वाळूतून डोळे दिसतात, दगड हलतो, कपारीतून तोंड बाहेर येतं. काचेच्या अगदी समोर सरळ उभे राहा, तिरपं पाहिलं की आकार वेडावाकडा दिसतो. पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या साधारण पाऊणपट अंतरावर भासते, म्हणून मासे आहेत त्याहून जवळ आणि मोठे वाटतात, हेही मुलांना सांगा.

टाक्यांमधले मासे बदलत राहतात. पण पुढच्यांपैकी जे दिसतील त्यांच्याशी रेंगाळण्यासारखं आहे.

*लायनफिश.* पंख्यासारखे पसरलेले काटे, अंगावर पट्टे. तो हळू पोहतो, कारण घाई करायची त्याला गरज पडत नाही. पाठीवरच्या काट्यांत विष असतं. बाकीचे मासे त्याच्यापासून किती अंतर राखतात ते पाहा.

*मोरे ईल.* वामीसारखा लांब मासा, कपारीत बसून तोंड सतत उघडतो-मिटतो. बघणारे म्हणतात, चावायला बघतोय. तो श्वास घेत असतो, एवढंच. तोंडानं पाणी घ्यायचं आणि कल्ल्यांवरून सोडायचं. माझा भाचा याच्यापुढं आधी घाबरला, मग कारण कळल्यावर त्याच्याबरोबर स्वतःचं तोंड उघडमीट करत मोजत बसला. त्या खेपेला आम्ही त्या एका टाकीपुढंच वीस मिनिटं होतो, आणि घरी आल्यावर त्यानं आजीला सगळ्यात आधी सांगितलं ते हेच.

*क्लाउनफिश आणि समुद्रफूल.* समुद्रफूल हे फूल नसून प्राणी आहे आणि त्याच्या बोटांसारख्या शुंडकांना डंख असतो. क्लाउनफिशच्या अंगावरच्या चिकट थरामुळं त्याला तो बाधत नाही, म्हणून तो त्यात घर करतो. टोळीतली सगळ्यात मोठी मादी असते. ती गेली की तिचा नर मादी होतो.

*समुद्रघोडा.* असला तर शेपूट पाहा, गवताला किंवा काडीला गुंडाळून तो स्वतःला बांधून ठेवतो. अंडी पोटाच्या पिशवीत सांभाळणारा यांच्यात बाप असतो.

*केंड.* फुगणारा मासा. तो फुगावा म्हणून त्याला डिवचायचा प्रकार कुणी करताना दिसलं तर सरळ थांबवा. फुगणं हा त्याचा खेळ नव्हे, ती भीती आहे.

फोटो काढायची परवानगी असेल तर मोबाइलची कड काचेला अलगद टेकवून धरा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश बंद. आधी पाच मिनिटं पाहायचं आणि मग एकच फोटो, असा आमच्याकडं दंडक आहे.

गोड्या पाण्यातले आणि खाऱ्या पाण्यातले मासे वेगवेगळे ठेवलेले असतात. पाटी वाचून कोणता कुठला ते पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी या मिठामुळं सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो पाणी पितो. नदीतल्या माशाचं उलट: पाणी आपसूक आत शिरतं, म्हणून तो जवळजवळ पीत नाही आणि जास्तीचं बाहेर टाकत राहतो. आपल्या बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीतला मासा समुद्रात का जगत नाही, या प्रश्नाचं उत्तर इथं उभं राहून देता येतं.

तपासा: वहीच्या पानावर 'कुठं दिसला'चा रकाना भरला का? इथंच भरा. गाडीत बसल्यावर निम्मं विसरतं.

## पायरी ७: संग्रहालय आणि देवमाशाचा सांगाडा

टाक्या संपल्या की लोकांना वाटतं झालं. संग्रहालय राहून जातं. बाटल्यांतले नमुने रंग उडालेले, फिकट दिसतात. औषधी द्रवात ठेवल्यानं तसं होतं. मुलं म्हणतात, हे मेलेलं आहे, चला. त्यांना सांगा की टाकीतला मासा वळून बसतो, हा वळत नाही. दात, खवले, पर (माशाचे पंख) मोजायचे असतील तर इथंच.

सुमारे ५५ फूट लांबीचा देवमाशाचा सांगाडा हे इथलं मोठं आकर्षण. त्याच्यापुढं फोटो काढून निघू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलांना पावलं मोजत चालायला लावा. मग पुढच्या पराच्या हाडांकडं पाहा, तिथं आपल्या हातासारखीच बोटांची हाडं सापडतात. नाव देवमासा, पण तो मासा नाही. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं असतात. तो हवेसाठी वर येतो आणि पिल्लाला दूध पाजतो.

निघण्यापूर्वी तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोला. गर्दी नसेल तर ते आपुलकीनं सांगतात. "हा मासा काय खातो?", "समुद्राचं पाणी कसं आणता?", "किती दिवसांनी बदलता?" असे प्रश्न मुलांनाच विचारू द्या. एक प्रश्न तुम्ही विचारा: आज ओहोटीला मुलांना घेऊन कुठल्या खडकांवर जाणं सुरक्षित आहे? त्यांचं उत्तर कुठल्याही नकाशापेक्षा चांगलं असतं.

## पायरी ८: संध्याकाळी ओहोटी

दुपारी जेवून मुलांना झोपवा. उन्हात हिंडवू नका.

ओहोटीच्या वेळेआधी तासभर खडकांवर पोचा आणि पाणी उलटं फिरायला लागलं की निघा. पायात पट्ट्याची चप्पल किंवा जुने बूट हवेत, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नका. खडकांतल्या डबक्यांजवळ बसून, टाकीपुढं जसे पाच मिनिटं थांबलात तसेच थांबा. शंख चालायला लागतो आणि कळतं की आत खेकडा आहे. मिटलेलं समुद्रफूल उमलतं. बोटाएवढे मासे सावली हलली की कपारीत जातात, सकाळी पाहिलेल्या टाकीतल्यासारखेच.

काही उचलायचं नाही. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, त्याच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी घर असतं. जेलीफिश वाळूवर मरून पडलेला असला तरी डंख मारतो. सुंदर नक्षीचे शंकूसारखे शंख जिवंत असताना विषारी असू शकतात.

इशारा: समुद्राकडं पाठ करून उभं राहायचं नाही. आरे-वारेच्या किनाऱ्यावर तर पाण्यात उतरायचंच नाही, तिथं माणसं बुडालेली आहेत. आणि उधाणाच्या दिवशी पाणी जितकं लांब जातं तितक्याच वेगानं परत येतं.

## परत निघताना

दुकानांत वाळवलेला समुद्रघोडा, प्रवाळाचा तुकडा असं काही विकायला ठेवलेलं दिसलं तर घेऊ नका. समुद्रघोडे आणि प्रवाळ वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. बाळगणंही गुन्हा आहे.

शोभेचे जिवंत मासे पिशवीत घेऊन सहा तास घाटातून आणण्याचा मोह आवरा. गरम गाडीत पिशवीतल्या पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो. टाकी घरी लावायचीच असेल तर मासे बेळगावातच घ्या, आणि नळाचं पाणी थेट न ओतता एक दिवस उघडं ठेवा, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. पुढं कंटाळा आला म्हणून ते मासे किल्ला तलावात किंवा मार्कंडेय नदीत सोडू नका. बाहेरचा मासा तिथं तगला तर इथल्या माशांचं खाणं आणि अंडी दोन्ही खातो.

## शाळेची सहल असेल तर

मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आधी पाठवा आणि पोचल्यावर दाखवायला एक प्रत बरोबर ठेवा. पन्नास मुलं एकदम आत सोडू नका. दहा-बाराचे गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक. एक गट टाक्यांकडं, एक संग्रहालयात, बाकीचे बाहेर सावलीत वही लिहीत. बुटक्या मुलांना पुढं उभं करा. शिट्टी वाजवायची नाही, हात वर केला की गप्प व्हायचं, ही खूण बेळगावातून निघतानाच ठरवून घ्या. खडकांवर मात्र पाचवीच्या खालच्या मुलांना शाळेतर्फे नेऊ नका. तिथं एका मोठ्या माणसाला दोनच मुलं सांभाळता येतात.